महानगरातील वेगधारण : एक दुर्लक्षित हेतू

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात तेरा अधारणीय वेग वर्णिले आहेत. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनीच ते मुखोद्गत केले. मात्र मुंबईत व्यवसाय करताना त्यांचे महत्त्व नव्याने उमगते.

२०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. विरार, कल्याण येथून नोकरीसाठी येणाऱ्या स्त्रीचा एका बाजूचा प्रवासच तास-दीड तासाचा असतो. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते आणि स्थानकावरील पुष्कळदा वापरण्याजोगे नसते. त्याच वर्षी मुंबईतील महिला संघटनांनी ‘राईट टू पी’ ही मोहीम सुरू केली. पुरुषांना मूत्रविसर्जन विनामूल्य असताना स्त्रियांकडून पैसे का घेतले जातात, हा तिचा एक प्रमुख प्रश्न होता.

लघवीला जावे लागू नये म्हणून अनेक रुग्णा सकाळपासून पाणीच पीत नाहीत. म्हणजेच मूत्रवेगासोबत तृष्णावेगाचेही धारण घडते, आणि पहाटे उठावे लागत असल्याने निद्रावेगाचेही. बस्तिशूल, मूत्रकृच्छ्र, शिरःशूल ही शास्त्रोक्त लक्षणे मग चिकित्सालयात दिसू लागतात.

अशा वेळी गोक्षुरादि गुग्गुळ, चंद्रप्रभा वटी देऊन तात्पुरता उपशय मिळतो. परंतु हेतूसेवन चालूच राहिल्याने व्याधी पुनःपुन्हा उद्भवतो. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी होय. म्हणून रुग्णेला स्पष्ट विचारावे : घरून निघाल्यावर पहिल्यांदा लघवीला केव्हा जाता? दुपारपर्यंत पाणी किती पिता? संकोचामुळे ही माहिती ती आपणहून देत नाही. निघण्यापूर्वी व कार्यालयात पोहोचताच मूत्रविसर्जन, तसेच दिवसभर थोडे थोडे जलपान, एवढा दिनक्रम तिला लिहून द्यावा. अवगाह, स्वेद, अभ्यंग, अवपीडक घृत व बस्ती हे शास्त्रोक्त उपक्रम रुग्णबल पाहून योजावेत. ज्वर, सरक्तमूत्रता किंवा गर्भावस्था असल्यास मूत्रपरीक्षण व तज्ज्ञाचा सल्ला यांत विलंब करू नये.

औषधी विक्रेत्यांनाही एक विनंती. तीच औषधे वारंवार नेणाऱ्या ग्राहकास वैद्याकडे पाठवावे. आपल्या चिकित्सालयातील वा दुकानातील स्वच्छतागृह स्त्रियांना निःसंकोच वापरू द्यावे व तशी पाटी दर्शनी भागी लावावी. शहराची गर्दी कमी करणे आपल्या हाती नाही. एवढे मात्र आपण उद्यापासून करू शकतो.