कॉन्ट्रा नृत्य : स्वरूप, रचना आणि नवशिक्याचे स्थान

प्रस्तावना

रंगमंचीय नृत्यात नर्तक प्रथम दीर्घकाळ सराव करतो आणि त्यानंतर प्रेक्षकांसमोर येतो. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड या प्रदेशात टिकून राहिलेल्या कॉन्ट्रा नृत्यात हा क्रम आढळत नाही. येथे प्रेक्षकवर्ग गृहीत धरलेलाच नाही. ज्या व्यक्तीने हे नृत्य पूर्वी कधी पाहिलेलेही नाही, ती त्याच सायंकाळी अनेक वर्षांचा अनुभव असलेल्या नर्तकांचा हात धरून नाचू लागते. हे कोणत्या रचनेमुळे साध्य होते आणि ती रचना केव्हा निष्फळ ठरते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

जॉन प्लेफर्ड या प्रकाशकाने १६५१ साली लंडन येथे ‘दि इंग्लिश डान्सिंग मास्टर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात १०५ इंग्रजी ग्रामनृत्यांच्या धुना व कृती दिलेल्या होत्या. ही ग्रामनृत्ये म्हणजेच ‘कंट्री डान्स’ पुढे फ्रान्समध्ये गेली आणि तेथे या शब्दाचे ‘कोंत्रदांस’ असे रूपांतर झाले. ‘कॉन्ट्रा’ हे नाव त्यातूनच आले असून त्याचा ‘विरोध’ या अर्थाशी मुळात संबंध नाही. इंग्रज वसाहतींबरोबर हे नृत्य अमेरिकेत पोहोचले. एकोणिसाव्या शतकात क्वाड्रिल, वॉल्ट्झ व पोल्का यांच्या लोकप्रियतेपुढे ते मागे पडले. परंतु न्यू हॅम्पशायर व व्हरमाँट येथील खेड्यांत त्याची परंपरा खंडित झाली नाही. न्यू हॅम्पशायरचे राल्फ पेज (१९०३–१९८५) यांनी विसाव्या शतकात ती जोपासली. पुढे डडली लॉफमन यांच्यासारख्या कलावंतांमुळे १९६० नंतर तरुण पिढी या नृत्याकडे वळली.

नृत्याची रचना

सभागृहात नर्तकांच्या दोन लांब समांतर ओळी तयार होतात. मंचावर वादकवृंद असतो. वरच्या टोकाकडून, म्हणजे मंचाकडून, दोन-दोन जोड्यांचे चौकट तयार केले जातात. चौकटातील मंचाजवळची जोडी ‘पहिली’ व दुसरी जोडी ‘दुसरी’ म्हणून ओळखली जाते. आपल्याबरोबर नाचावयास आलेला तो ‘जोडीदार’ आणि चौकटातील दुसऱ्या जोडीपैकी आपल्या बाजूस असलेला तो ‘शेजारी’, हे दोन शब्द नवशिक्यास पुरेसे आहेत. जोडीतील भूमिकांना पूर्वी पुरुष व स्त्री अशी नावे होती. अलीकडे अनेक ठिकाणी डाव्या बाजूच्या नर्तकास ‘लार्क’ व उजव्या बाजूच्या नर्तकास ‘रॉबिन’ या पक्ष्यांची नावे दिली जातात आणि कोणीही कोणतीही भूमिका घेऊ शकते.

संगीत प्रामुख्याने फिडल (व्हायोलिन), पियानो व गिटार यांचे असते. धुनेचे दोन भाग असून प्रत्येक भाग दोनदा वाजतो. प्रत्येक वेळी १६ मात्रा, म्हणजे एकूण ६४ मात्रांचे एक आवर्तन होते. नृत्यातील प्रत्येक हालचाल साधारणतः ८ वा १६ मात्रांत बसविलेली असते. एका सोप्या नृत्याची मांडणी पुढीलप्रमाणे असते :

१. शेजाऱ्याबरोबर तोल साधून गिरकी (१६ मात्रा).
२. चौघांनी हात धरून डावीकडे पाऊण वर्तुळ (८), नंतर जोडीदाराबरोबर गिरकी (८).
३. दोन्ही लांब ओळी पुढे व मागे (८). दोन्ही रॉबिन मध्यातून समोरच्या बाजूस (८).
४. चौघांनी डावे हात मध्यभागी जुळवून एक फेरी (८). नव्या शेजाऱ्याभोवती पाठीमागून प्रदक्षिणा (८).

आवर्तन संपते तेव्हा पहिली जोडी ओळीत एक स्थान खाली व दुसरी जोडी एक स्थान वर सरकलेली असते. त्यामुळे प्रत्येक जोडीसमोर नवी जोडी येते आणि तोच क्रम पुन्हा सुरू होतो. टोकाला पोहोचलेली जोडी एक आवर्तन थांबते व क्रमांक बदलून परत ओळीत येते. दांडिया रासात समोरचा नर्तक बदलत जातो, ते दृश्य आठवल्यास ही पद्धत समजणे सुलभ होईल. मात्र दोहोंत ऐतिहासिक संबंध नाही.

शिकण्याची प्रक्रिया

नृत्यापूर्वी निवेदक संगीताविना सर्व हालचाली चालवून दाखवितो. संगीत सुरू झाल्यावर तो प्रत्येक हालचाल तिच्या थोडी आधी पुकारतो. काही आवर्तनांनंतर त्याच्या सूचना विरळ होतात व शेवटी थांबतात, कारण तोपर्यंत क्रम नर्तकांच्या अंगवळणी पडलेला असतो. नवशिक्याने पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात :

१. विशेष पदन्यासाची आवश्यकता नाही; तालात चालता येणे पुरेसे आहे.
२. गिरकीत जोडीदाराच्या चेहऱ्याकडे पाहावे, म्हणजे भोवळ कमी येते.
३. हात सैल सोडू नयेत. परस्परांना किंचित ताण दिल्यानेच वळणे सहज होतात.
४. चुकल्यास मागील हालचाल पूर्ण करीत बसू नये. पुढील हालचालीच्या जागी वेळेवर पोहोचावे.

नवशिक्याचे स्थान

वरील चौथा नियम विशेष महत्त्वाचा आहे. नवशिका चुकतो तेव्हा शेजारी हात पुढे करून त्यास योग्य दिशा दाखवितो. आणि पुढच्याच आवर्तनात नवा शेजारी तेच करतो. म्हणजे शिकविण्याचे कार्य एकट्या निवेदकाचे नसून संपूर्ण ओळीचे असते. मात्र ही व्यवस्था ओळीत अनुभवी व नवखे मिसळलेले असतील तरच चालते. अनुभवी नर्तक परस्परांना आधीच शब्द देऊन सभागृहाच्या मधल्या ओळीत एकत्र येतात, तेव्हा कडेच्या ओळीत केवळ नवखे उरतात. तेथे हात पुढे करणारा कोणी नसतो. ओळ विस्कळीत होते आणि आलेला मनुष्य पुन्हा येत नाही. म्हणूनच नवागतास जोडीदार होण्याची विनंती अनुभवी व्यक्तीने स्वतः करावी, असा आग्रह अनेक आयोजक धरतात. मार्च २०२० नंतर कोविड महामारीमुळे ही नृत्ये दीर्घकाळ बंद राहिली. ती पुन्हा सुरू झाल्यावर या आग्रहाचे महत्त्व अधिकच वाढले.

समारोप

कॉन्ट्रा नृत्याची रचना नवशिक्यास सामावून घेण्यास अनुकूल आहे. परंतु केवळ रचनेने ते साध्य होत नाही. ६४ मात्रांचे आवर्तन नवा शेजारी समोर आणून उभा करते, त्याचा हात धरणे न धरणे हे माणसावर अवलंबून असते. ज्या ओळीत जाणता नवख्याशेजारी उभा राहतो ती ओळ पुढे चालते, आणि जेथे जाणते आपापसांतच नाचतात तेथे परंपरा त्यांच्याबरोबरच संपण्याचा धोका असतो. ही बाब नृत्याच्या सभागृहाबाहेर, अध्यापनाच्या क्षेत्रातही विचारार्ह आहे.