पाण्याच्या शेजारचे बालपण

एका बाजूस अरबी समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्ली नदी, यांमधील चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर वसलेल्या देवबागसारख्या गावी मूल पाण्यात पडते, तेव्हा त्याचा दोष दैवाच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. कारण कामात गुंतलेली आई, कठड्याविना विहीर आणि राखणीस जेमतेम मोठे भावंड, ही परिस्थितीच बहुधा अपघातास कारणीभूत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ सालच्या अहवालानुसार बुडून होणाऱ्या मृत्यूंपैकी ९० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत घडतात, आणि १ ते ४ वर्षांच्या बालकांस धोका सर्वाधिक असतो. बांगलादेशाच्या खेड्यांतून दिवसा चालणाऱ्या पाळणाघरांनी हे मृत्यू घटविले आहेत. किनाऱ्यावरील प्रत्येक ग्रामपंचायतीने असे पाळणाघर तातडीने मंजूर करावे.