विश्लेषण : पायात बळ नसले तरी स्कीइंग करता येते का?

हिवाळ्यात गुलमर्ग, औली किंवा सोलांगला गेलेल्या मराठी कुटुंबांत एक दृश्य ठरलेले असते. तरुण मंडळी भाड्याचे बूट आणि स्की घेऊन उताराकडे जातात. गुडघेदुखीचे आजोबा, पोलिओने पाय अधू झालेली मावशी किंवा व्हीलचेअरवरचा मुलगा चहाच्या टपरीपाशी सामान राखत बसतात. हा खेळ आपल्यासाठी नाही, हे बहुतेक वेळा त्यांनी स्वतःच ठरवून टाकलेले असते. प्रत्यक्षात एक पाय नसलेली, कमरेखाली संवेदना नसलेली, अजिबात न दिसणारी माणसे गेली कित्येक दशके स्कीइंग करत आहेत. अडते ते योग्य साधन आणि प्रशिक्षित माणूस मिळण्यापाशी.

चालता न येणारा माणूस स्कीइंग कसा करतो?

चालताना प्रत्येक पावलाला शरीराचे वजन एका पायावर तोलावे लागते. उतारावर पुढे नेण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते. स्की करणाऱ्याकडे दोन कामे उरतात, तोल सांभाळणे आणि वळणे. वळण्यासाठी स्कीची कड बर्फात रुतवावी लागते आणि त्यासाठी वजन एका बाजूला झुकवावे लागते. ते पायांनीच झुकवले पाहिजे असे नाही. कंबर, खांदे, काहींच्या बाबतीत नुसती मानही पुरते. वेगही वळणांनीच आटोक्यात येतो. म्हणूनच घरात दहा पावले चालताना धाप लागणारा माणूस बर्फावर सफाईने खाली येऊ शकतो.

साधने कोणती वापरतात?

एक पाय धड असलेल्यांसाठी एकच स्की आणि हातात ‘आउटरिगर’ असतात. आउटरिगर म्हणजे कोपरापर्यंतची कुबडी, जिच्या टोकाला छोटी स्की बसवलेली असते. दोरी ओढली की ही छोटी स्की वर उचलली जाते आणि सपाट जागी तिची साधी कुबडी होते. बर्फावर तीन रेषा उमटतात म्हणून या प्रकाराला ‘थ्री ट्रॅक’ म्हणतात. दोन्ही पाय आहेत पण अशक्त आहेत, उदाहरणार्थ सेरेब्रल पाल्सी, त्यांच्यासाठी ‘फोर ट्रॅक’. त्यात दोन्ही स्कींची टोके जोडून ठेवता येतात, म्हणजे पाय फाकत नाहीत किंवा एकमेकांत अडकत नाहीत.

उभे राहता येत नसेल तर ‘मोनो-स्की’. अंगाला घट्ट बसणारी साचेबंद सीट, तिच्याखाली मोटरसायकलला असतो तसा शॉक अॅब्सॉर्बर आणि त्याखाली एक स्की. यासाठी हात आणि धड मजबूत लागते. ज्यांचे धडही साथ देत नाही त्यांच्यासाठी ‘बाय-स्की’ असते. तिला खाली दोन स्की असतात आणि प्रशिक्षक मागून पट्ट्यांनी तिचा वेग व दिशा सांभाळतो.

दृष्टिहीनांना साधन वेगळे लागत नाही, वाटाड्या लागतो. तो पुढे किंवा मागे राहून हेडसेटवरून ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’, ‘थांबा’ एवढेच सांगत असतो. दोघेही ठळक रंगाचे जाकीट घालतात, जेणेकरून इतर लोक त्यांना वाट देतील.

याची सुरुवात कुठे झाली?

युद्धातून. दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्या ऑस्ट्रियन आणि जर्मन सैनिकांनी कुबड्यांना छोट्या स्की बांधून पुन्हा उतार गाठले. अमेरिकेत कोलोरॅडोतील विंटर पार्क येथे १९७०मध्ये हॅल ओलिअरी या प्रशिक्षकाने डेन्व्हरच्या बालरुग्णालयातील अवयव गमावलेल्या २३ मुलांना स्कीइंग शिकवले. त्यातून उभी राहिलेली संस्था आजही चालू आहे. पहिली हिवाळी पॅरालिम्पिक स्पर्धा १९७६मध्ये स्वीडनमधील ऑर्नशोल्डस्विक येथे झाली. वयाच्या बाराव्या वर्षी कर्करोगामुळे पाय गमावलेल्या डायना गोल्डन या अमेरिकी खेळाडूने १९८८च्या कॅल्गरी ऑलिम्पिकमधील प्रात्यक्षिक शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. जपानची मोमोका मुराओका २०२१मध्ये टोकियोत व्हीलचेअरच्या शर्यतीत धावली आणि पुढच्याच वर्षी बीजिंगमध्ये बसून स्कीइंग करत तिने तीन सुवर्णपदके जिंकली.

गुडघे दुखणाऱ्यांचे काय?

मराठी घरांत हा गट सर्वात मोठा आहे. गुडघ्याला खरा धोका असतो पडताना होणाऱ्या पिळाचा. अशा वेळी बूट स्कीपासून सुटावा म्हणून ‘बाइंडिंग’ असते. ती किती जोराला सुटावी हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य पाहून ठरवतात. पन्नाशीनंतर ती अधिक सहज सुटेल अशी ठेवायची असते. भाड्याच्या दुकानात वजन आणि वय न विचारता स्की हातात दिली, तर ती परत करावी. गुडघा बदललेल्यांपैकी ज्यांना आधीपासून स्कीइंग येते त्यांना सौम्य उतारांची मुभा अनेक अस्थिरोगतज्ज्ञ देतात. नव्याने शिकणाऱ्यांबाबत ते सावध असतात, कारण शिकताना पडणे अटळ असते.

उंचीचाही विचार हवा. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर नेतो. हृदय किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिथे जाऊ नये.

सर्वात मोठा धोका कोणता?

पडण्यापेक्षा न जाणवणे अधिक घातक. मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीला कमरेखाली थंडी कळत नाही. मोजा ओला झाला, पट्टा रुतला, बोटे पांढरी पडली तरी दुखत नाही आणि हिमदंश किंवा जखम संध्याकाळी कपडे बदलताना दिसते. म्हणून दर तासा-दीड तासाने आत येऊन पाय डोळ्यांनी पाहावे लागतात. ऊब देण्याची घाईही अंगाशी येते. काश्मिरात आपुलकीने पुढे केली जाणारी कांगडी किंवा खिशात ठेवायची गरम पाकिटे संवेदना नसलेल्या पायाला भाजतात आणि तेही कळत नाही. वापर नसल्याने अशा पायांची हाडे ठिसूळ झालेली असतात, त्यामुळे किरकोळ आपटण्यानंतर आलेली सूज गंभीरपणे घ्यावी.

इजा छातीच्या मध्याच्या वर असेल, तर भरलेले मूत्राशय किंवा घट्ट पट्टा एवढ्याने रक्तदाब अचानक भडकू शकतो. डोके ठणकणे, चेहरा लाल होणे, घाम येणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी व्यक्तीला ताठ बसवायचे, पट्टे सैल करायचे, लघवीची नळी दुमडली आहे का पाहायचे आणि तातडीने डॉक्टर गाठायचा. सोबत्याला हे आधीच ठाऊक असले पाहिजे.

भारतात सोय आहे का?

गुलमर्ग आणि औलीत स्कीइंगचे शिक्षण मिळते, पण मोनो-स्की किंवा बाय-स्की भाड्याच्या दुकानांत सहसा नसते. एका मोनो-स्कीची किंमत लाखांत जाते. त्याऐवजी पुढे येते ती माणसांनी ओढायची लाकडी स्लेज. तिला पट्टा नसतो, पाठीला आधार नसतो. ज्याला धडाचा तोल नाही त्याला तिच्यावर बसवून उतारावर सोडणे हा निव्वळ धोका आहे. गोंडोला वर नेतो खरा, पण गाडीतळापासून त्याच्यापर्यंतचे अंतर बर्फातून कापावे लागते आणि व्हीलचेअरची चाके तिथेच रुततात. दिव्यांग हक्क कायदा २०१६च्या कलम ३०नुसार क्रीडा सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करणे ही सरकारची जबाबदारी आहे. डोंगरावर तिची खूण अजून फारशी दिसत नाही.

साहसी खेळांत दिव्यांगांना सोबत घेण्याचा अनुभव महाराष्ट्रात आहे. काचबिंदूमुळे १९व्या वर्षी दृष्टी गेलेले पुण्याचे दिव्यांशु गणात्रा यांनी २०१४मध्ये एकट्याने पॅराग्लायडिंग केले आणि पुढे दिव्यांग व इतरांना एकत्र आणणारी संस्था काढली. स्कीइंगसाठी मात्र तूर्त युरोप, अमेरिका किंवा जपानकडेच पाहावे लागते.

बुकिंगपूर्वी काय विचारावे?

परदेशातील चांगली केंद्रे आधी स्वतःच प्रश्न विचारतात. वजन किती, कोणती बाजू अशक्त, आधाराशिवाय बसता येते का, फिट येतात का. असे काहीच न विचारता पैसे घेणाऱ्या केंद्रापासून दूर राहिलेले बरे. पर्यटकाने विचारायचे ते असे : प्रशिक्षकाला अशा व्यक्तीला शिकवण्याचे प्रमाणपत्र आहे का, व्हीलचेअरवरून सीटवर कोण उचलून ठेवणार, चेअरलिफ्ट चढताना थांबवतात का, उताराच्या पायथ्याशी व्हीलचेअर जाईल असे शौचालय आहे का. पहिल्या दिवशी अर्ध्या दिवसाचाच वर्ग घ्यावा, कारण खांदे आणि मनगटे लवकर थकतात.

प्रवास विम्यात हिवाळी खेळ अनेकदा वगळलेले असतात, ते कलम वेगळे घ्यावे लागते. विमान कंपनीला मदतीची गरज किमान ४८ तास आधी कळवावी. व्हीलचेअर बॅटरीवर चालणारी असेल, तर बॅटरीचा प्रकारही तेव्हाच सांगावा, नाहीतर ती विमानतळावर अडते.