काल्पेच्या उन्हात घडणारे सायकलपटू

डिसेंबर लागला की बेल्जियम, नेदरलँड्स, डेन्मार्क या देशांत रोज पाच-सहा तास सायकल चालवणं अशक्यच होऊन बसतं. बर्फ, पाऊस, निसरडे रस्ते आणि दुपारी चारलाच दाटणारा अंधार! अशा वेळी तिथले व्यावसायिक सायकलपटू दक्षिणेची वाट धरतात. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, आलिकांते प्रांतात काल्पे नावाचं गाव आहे. गावाला लागूनच पेन्योन दे इफाच हा 332 मीटर उंचीचा खडक समुद्रातून सरळ वर उठला आहे. उन्हाळ्यात इथे पर्यटकांची झुंबड उडते. हिवाळ्यात मात्र हॉटेलं रिकामी होतात आणि तिथे सायकल संघांचे ट्रक येऊन उभे राहतात. काल्पेबरोबर शेजारची देनिआ, आल्तेआ, बेनिदोर्म ही गावंही डिसेंबर-जानेवारीत सायकलींनी भरून जातात. दिवसा बेताची थंडी, स्वच्छ ऊन आणि किनाऱ्यापासून थोडं आत शिरलं की लगेच घाटरस्ते. सायकलपटूला आणखी काय हवं?

जागतिक पातळीवरचा शर्यतींचा हंगाम जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या ‘टूर डाउन अंडर’ने सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत चालतो. त्याआधीची ही हंगामपूर्व शिबिरं संघाचा पाया घालतात. अनुभवी खेळाडूला ती सवयीची झालेली असतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या नव्या मुलाचं मात्र सगळं आयुष्य इथे बदलतं.

नवा मुलगा, जुनी जर्सी

सर्वोच्च श्रेणीच्या एका संघात तीसच्या आसपास सायकलपटू असतात. प्रशिक्षक, डॉक्टर, मेकॅनिक, मालिश करणारे, आहारतज्ज्ञ, स्वयंपाकी असा मोठा लवाजमा सोबत असतो. आजवर आईवडिलांच्या गाडीतून शर्यतींना गेलेला मुलगा पहिल्यांदाच या सगळ्यांत येऊन पडतो. पहिल्यांदा व्यावसायिक होणाऱ्या खेळाडूशी किमान दोन वर्षांचा करार करावा, असा आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेचा म्हणजे यूसीआयचा नियम आहे. पहिल्या वर्षी निकाल हाती आले नाहीत तरी मुलाला लगेच बाहेर काढता येऊ नये, हा त्यामागचा शहाणपणा.

करार 1 जानेवारीपासून लागू होतो. त्यामुळे डिसेंबरच्या शिबिरात नव्या संघाच्या सायकलवर, पण जुन्या संघाच्या जर्सीत फिरणारे खेळाडू दिसतात. पहिले काही दिवस मोजमापातच जातात. खोगिराची उंची, हँडलचं अंतर, पायातल्या बुटाचा कोन यांत काही मिलिमीटरचा फरक पडला तरी वर्षभरात गुडघा बोलू लागतो. रक्त, हृदय, फुप्फुसं यांच्या तपासण्या होतात. चढत्या जोरात सायकल मारायला लावून कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेतात आणि त्यातलं लॅक्टेट मोजतात. स्नायू कुठल्या जोरापर्यंत आरामात काम करतात आणि कुठून पुढे थकू लागतात, हे त्यावरून कळतं.

हळू चालवण्याची शिस्त

या चाचण्यांतून निघालेल्या आकड्यांवर पुढचा सगळा सराव बेतलेला असतो. पॅडलवर किती वॅट जोर पडतो आहे, हे सायकलवरचं पॉवर मीटर क्षणोक्षणी दाखवतं. नव्या मुलाला सगळ्यात जड जातो तो इथला पहिला धडा: हळू चालव. आजवर तो प्रत्येक चढावर मित्रांना मागे टाकत आला आहे, आणि इथे नामांकित खेळाडूंसमोर आपली ताकद दाखवायला उतावीळ झालेला असतो. डिसेंबरातला बहुतेक सराव मात्र गप्पा मारता येतील इतक्या सोप्या वेगाने, चार ते सहा तास करायचा असतो.

यामागे शरीरशास्त्र आहे. दीर्घ आणि सौम्य श्रमाने स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींमधली ऊर्जाकेंद्रं म्हणजे मायटोकाँड्रिया वाढतात, आणि शरीर चरबीचं इंधन अधिक चांगलं वापरायला शिकतं. दमछाक करणारा तीव्र सराव त्यावर जानेवारीत हळूहळू चढवला जातो. रोज जोर लावणारा मुलगा फेब्रुवारीत चमकतो आणि मेमध्ये संपतो. पार्सेंत गावाजवळचा कोल दे रातेस हा साडेसहा किलोमीटरांचा चढ त्यामुळे सगळ्यांचीच परीक्षा घेतो. अनेक संघ तिथे कामगिरी मोजतात. ठरलेल्या दिवशी जोर लावायचा आणि बाकीच्या दिवशी त्याच चढावर शांत राहायचं, हे ज्याला जमलं त्याचं निम्मं शिक्षण झालं.

मागच्या चाकावरची विद्या

दुसरा धडा गटाचा. पुढच्या सायकलस्वाराच्या मागे अगदी जवळून चाललं की हवेचा अडथळा कमी होतो आणि साधारण तीस टक्के शक्ती वाचते. म्हणूनच सायकलिंग हा सांघिक खेळ आहे. नेत्याला वाऱ्यापासून जपणं, गाडीपाशी मागे जाऊन सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या आणणं, अंतिम रेषेआधी वेगवान साथीदाराला योग्य जागी सोडणं, ही कामं शिबिरात पुन्हापुन्हा करवून घेतात. रस्त्यातला खड्डा किंवा दगड हाताच्या खुणेने मागच्याला दाखवायचा, ब्रेक अचानक दाबायचा नाही, ओळ मोडायची नाही. ताशी पन्नास किलोमीटरने धावणाऱ्या गटात एकाची चूक दहा जणांना खाली आणते.

रेम्को एव्हेनपूलचं उदाहरण इथे बोलकं आहे. बेल्जियमचा हा मुलगा किशोरवयात फुटबॉल खेळत होता. 2017 मध्ये तो सायकलकडे वळला आणि 2018 मध्ये इन्सब्रुकला कनिष्ठ गटाची रस्ता शर्यत आणि एकट्याने वेळेविरुद्धची शर्यत अशी दोन्ही जागतिक विजेतेपदं त्याने मिळवली. मधला 23 वर्षांखालील गट ओलांडून 2019 मध्ये तो थेट सर्वोच्च श्रेणीच्या संघात गेला आणि त्याच ऑगस्टमध्ये, एकोणिसाव्या वर्षी, सान सेबास्तियानची मोठी शर्यत जिंकला. ताकद अफाट, पण लहानपणापासून गटात वाढलेल्यांची सवय त्याच्याकडे नव्हती. 2020 च्या इल लोम्बार्दिया शर्यतीत उतारावर तो पुलावरून खाली कोसळला आणि त्याचं कटीचं हाड मोडलं. पुढे तो विश्वविजेता झाला, ऑलिंपिक सुवर्ण जिंकला. गटातलं आणि उतारावरचं कसब मात्र त्याला वरच्या पातळीवर आल्यावर कमवावं लागलं.

ताट, झोप आणि पत्ता

जेवण हाही सरावच. आजच्या शर्यतींत तासाला 90 ते 120 ग्रॅम कर्बोदकं पोटात जावी लागतात. 120 ग्रॅम म्हणजे जवळपास पाच केळी, आणि तीही दर तासाला, धापा टाकत असताना. पोटाला याची सवय शिबिरातच लावतात. वजन कमी करायच्या नादात उपाशी राहणाऱ्या तरुणांना नीट खायला शिकवणं हे आहारतज्ज्ञाचं मोठं काम. भुकेलं शरीर आजारी पडतं, हाडं कमजोर होतात.

उत्तेजकविरोधी नियमांचं ओझंही याच वयात खांद्यावर येतं. नोंदणीकृत खेळाडूने रोज कुठे राहणार याची माहिती आणि दिवसातली एक ठरावीक तासाची वेळ आधीच कळवायची असते. बारा महिन्यांत तीनदा चुकलं तर बंदीची टांगती तलवार. मित्राकडे राहायला गेल्यावर पत्ता बदलायला विसरणं, एवढीशी गोष्टही महागात पडू शकते.

घरापासून दूर

युरोपाबाहेरून आलेल्या मुलाला याहून मोठी परीक्षा द्यावी लागते. एरिट्रियाचा बिनियाम गिर्माय अठराव्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या एगल इथल्या यूसीआयच्या प्रशिक्षण केंद्रात आला. परकी भाषा, परकं जेवण, अंगाला न मानवणारी थंडी. त्याच 2018 मध्ये बेल्जियममधल्या कनिष्ठांच्या एका शर्यतीच्या टप्प्यात त्याने एव्हेनपूलला हरवलं होतं. 2022 च्या जानेवारीअखेर मायोर्का बेटावर हंगामाच्या सुरुवातीलाच तो जिंकला आणि मार्चमध्ये गेंट-वेवेलगेमही जिंकला. त्यानंतर आणखी मोठी शर्यत समोर असतानाही तो ठरल्याप्रमाणे अस्माराला, बायको आणि तान्ह्या मुलीकडे परतला. 2024 च्या टूर द फ्रान्समध्ये त्याने तीन टप्पे आणि सर्वाधिक गुणांसाठी मिळणारी हिरवी जर्सी जिंकली. घरची ओढ मान्य करून खेळाडूला वाढू देणाऱ्या संघाचंही हे यश आहे.

रस्त्याचा धोका

शिबिरातला सगळ्यात मोठा धोका वाहनांचा. 23 जानेवारी 2016 रोजी याच काल्पे परिसरात जायंट-अल्पेसिन संघाच्या सहा सायकलपटूंना चुकीच्या बाजूने आलेल्या मोटारीने समोरून धडक दिली. मोटार चालवणारी व्यक्ती ब्रिटनची, म्हणजे डावीकडून गाडी चालवणाऱ्या देशातली होती. आदल्याच वर्षी मिलान-सान रेमो आणि पॅरिस-रुबे जिंकणाऱ्या जॉन डेगेनकोल्बचं बोट जेमतेम वाचलं आणि त्याचा वसंतातला हंगाम हुकला. स्पेनमध्ये सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवणं बंधनकारक आहे आणि गोलचौकात सायकलस्वारांचा गट एकच वाहन मानला जातो. तरीही हे घडलं. डावीकडून चालणाऱ्या आपल्या देशातून युरोपात जाणाऱ्या प्रत्येक मुलाने पहिल्या दिवशी रस्त्याची बाजू मनात पक्की करावी.

आपला हिवाळा

ज्या हवेसाठी बेल्जियमचे संघ हजारो युरो खर्चून स्पेनला जातात, तशी कोरडी, सरावाला पोषक हवा सह्याद्रीच्या माथ्यावर आणि देशावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याला फुकट मिळते. लांब चढ असलेले घाट आहेत. मुंबई-पुणे सायकल शर्यतीची जुनी परंपरा आहे. 2026 च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात यूसीआयच्या दर्जाची बहुटप्प्यांची शर्यत झाली आणि परदेशी संघ आपल्या रस्त्यांवर धावले.

कमी आहे ती मुलांमागून चालणाऱ्या गाडीची, लॅक्टेट मोजणाऱ्या प्रशिक्षकाची, सकाळचे काही तास सुरक्षित ठेवलेल्या एका घाटरस्त्याची, आणि पहिल्या वर्षी हरलेल्या मुलाला दुसरं वर्ष देणाऱ्या संघाची. यातलं काहीही आपल्या आवाक्याबाहेरचं नाही. जिल्हा संघटना, महाविद्यालयं आणि स्थानिक उद्योग एकत्र आले, तर एका हिवाळ्यात एक शिबिर उभं राहू शकतं. तोवर प्रत्येक वाचकाच्या हाती एक गोष्ट आहे: घाटात सायकल चालवणारी मुलं दिसली, तर गाडीचा वेग कमी करा आणि दीड मीटर अंतर ठेवून पुढे जा.