औषध सोसेल का, ते पेशीला विचारा

1993 सालचा जून महिना. अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे, राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात, हिपॅटायटिस-बीच्या 15 रुग्णांवर फियालुरिडीन या नव्या औषधाची चाचणी चालू होती. रक्तातले विषाणू झपाट्याने कमी होत होते आणि डॉक्टर आशेने पाहत होते. तेराव्या आठवड्याच्या सुमारास एका रुग्णाचे यकृत एकाएकी ढासळले. रक्तात लॅक्टिक आम्ल साचले होते. औषध ताबडतोब सर्वांचेच थांबवले गेले, पण बंद केल्यावरही काहींची प्रकृती खालावतच गेली. सात जणांच्या यकृताला गंभीर इजा झाली. त्यांतले पाच दगावले आणि दोघे यकृत-प्रत्यारोपणामुळे वाचले.

त्याआधी हे औषध उंदीर, कुत्री आणि माकडे यांना देऊन झाले होते. त्यांच्या यकृताला काही झाले नव्हते. कारण बऱ्याच वर्षांनी उलगडले. फियालुरिडीनला पेशीतल्या तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, शिरू देणारे एक वाहक-प्रथिन माणसाच्या तंतुकणिकेच्या पटलावर असते, उंदरांच्या नसते. माणसात औषध आत शिरले, तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएत घुसले आणि ऊर्जानिर्मिती हळूहळू बंद पडली. उंदराच्या यकृताला हा प्रश्न विचारून उपयोगच नव्हता. विचारायला हवे होते माणसाच्या पेशीला, आणि तेही ती मरण्याच्या कितीतरी आधी.

औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेला डॉक्टर मंडळी थोडक्यात ‘डिली’ म्हणतात. हे संकट तसे विरळ आहे. आइसलँडमध्ये झालेल्या पाहणीत वर्षाला लाखामागे सुमारे 19 जणांना अशी इजा झालेली आढळली. विरळ असल्यामुळेच ते चाचण्यांच्या जाळ्यातून निसटते. ट्रोग्लिटाझोन हे मधुमेहावरचे औषध घ्या. बाजारात येण्यापूर्वीच्या चाचण्यांत ते घेणाऱ्यांपैकी 1.9 टक्के लोकांत यकृताचे एन्झाइम तिपटीहून अधिक वाढले होते, तर नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 0.6 टक्के होते. तरीही जानेवारी 1997 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. ब्रिटनमधून ते त्याच वर्षाच्या डिसेंबरात मागे घेतले गेले, अमेरिकेतून मात्र मार्च 2000 मध्ये. मधल्या काळात यकृत निकामी होऊन गेलेल्या माणसांचा विचार केला की ही दिरंगाई अक्षम्य वाटते.

आपल्या रिपोर्टावर दिसते ते एसजीपीटी हे एन्झाइम मुळात यकृतपेशीच्या आतले. पेशीला इजा झाली की ते बाहेर झिरपते आणि रक्तात सापडते. म्हणजे वाढलेले एसजीपीटी हा दूध उतू गेल्यावर शेगडीवर पडलेला डाग. त्या चाचणीचे मोल मी कमी लेखत नाही. हायमन झिमरमन या यकृततज्ज्ञाने घालून दिलेला नियम आजही औषध-नियंत्रक वापरतात. एसजीपीटी तिपटीहून जास्त, बिलिरुबिन दुपटीहून जास्त आणि दुसरे काही कारण नसेल, तर अशा दहा रुग्णांमागे एकाच्या जिवाला धोका, असा त्याचा अर्थ. पण या नियमापर्यंत पोचायला माणूस आजारी पडावा लागतो.

मग त्याआधी पेशीत काय घडते? इथे पॅरासिटामॉलचे उदाहरण सर्वांत स्वच्छ आहे. नेहमीच्या मात्रेत या औषधाचा बहुतांश भाग यकृत सहज निकालात काढते. थोडा भाग मात्र सायटोक्रोम एन्झाइमांच्या हाती लागून एका आक्रमक रेणूत बदलतो. शास्त्रज्ञ त्याला ‘नॅपक्वी’ म्हणतात. पेशीतले ग्लुटाथायोन या नॅपक्वीला धरून निष्प्रभ करते. मात्रा फार झाली की ग्लुटाथायोन संपते, नॅपक्वी मोकाट सुटतो आणि पेशीच्या प्रथिनांनाच चिकटतो. 1973 मध्ये अमेरिकी संशोधकांनी ही साखळी उकलून दाखवली, आणि ग्लुटाथायोनचा साठा भरून काढणारे एन-ॲसिटिलसिस्टीन हे त्यावरचे औषध ठरले. वेळेत दिले तर ते आजही जीव वाचवते.

या साखळीत पेशी नुसती मार खात बसत नाही. तिच्यात एनआरएफ-2 नावाचे एक प्रथिन सतत तयार होत असते आणि कीप-1 नावाचे दुसरे प्रथिन त्याला पकडून सतत नष्ट करायला पाठवत असते. एरवी हा उद्योग निरर्थक वाटेल. पण कीप-1 च्या अंगावर गंधकयुक्त सिस्टीनचे टोक उघडे असते, आणि नॅपक्वीसारखा आक्रमक रेणू नेमका तिथेच चिकटतो. मग कीप-1 ची पकड सुटते. एनआरएफ-2 काही मिनिटांत साठते, पेशीच्या केंद्रकात शिरते आणि ग्लुटाथायोन बनवणारी, विष निपटणारी कितीतरी जनुके एकदम चालू करते. ज्या उंदरांतून एनआरएफ-2 चे जनुक काढून टाकले, ते पॅरासिटामॉलच्या तुलनेने कमी मात्रेनेही दगावले. यातली तत्परता मला थक्क करते. विष ओळखण्यासाठी निराळी यंत्रणा नाही, विषाने केलेली जखम हीच सूचना.

अशा सूचना एकच नाही, बऱ्याच आहेत. आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या प्रथिने घडवणाऱ्या जाळ्यात, प्रथिनांच्या घड्या नीट पडेनाशा झाल्या की वेगळा इशारा सुटतो. आधी नवी प्रथिने बनवणे कमी होते, घड्या घालणारे मदतनीस वाढतात. त्रास हटलाच नाही, तर ‘चॉप’ नावाचे प्रथिन वाढून पेशीला आत्मनाशाकडे नेते. डीएनएला इजा झाली की पी-53 नावाचे प्रथिन जागे होते. उष्णतेने प्रथिने बिघडली की आणखी एक यंत्रणा चालते. हिचा शोध गमतीशीर रीतीने लागला. इटलीतले फेरुच्चो रितोस्सा फळमाशीच्या लाळग्रंथींतली गुणसूत्रे पाहत असताना कोणीतरी उष्मापेटीचे तापमान वाढवून ठेवले, आणि गुणसूत्रांवर कधी न दिसलेल्या जागी फुगवटे आले. जनुके जागी झाल्याची ती खूण होती. 1962 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की तसेच फुगवटे त्यांना रसायनांनीही उठवता आले, आणि त्यांत ॲस्पिरिनच्या कुळातले सॅलिसिलेटही होते. औषधाने पेशी ताणाखाली येते आणि तो ताण डोळ्यांनी पाहता येतो, हे त्या सूक्ष्मदर्शकाखाली तेव्हाच दिसले होते.

आज तो ताण अधिक नेमका पाहता येतो. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात बॉब फान द वाटर यांच्या गटाने यकृतपेशींचे असे वाण तयार केले की एखादी ताणयंत्रणा चालू झाली की पेशी हिरवी चमकते. एक वाण एनआरएफ-2 साठी, एक चॉपसाठी, एक पी-53 च्या कामासाठी, अशी त्यांची विभागणी. पेशी जिवंत ठेवून तासातासाला छायाचित्रे घेतात. कोणते औषध, किती मात्रेला, किती वेळाने कोणती घंटा वाजवते, याचा आलेखच हाती येतो.

याच गटाचे डायक्लोफेनॅकवरचे काम मला सर्वांत बोलके वाटते. आपल्याकडे गुडघेदुखीपासून दातदुखीपर्यंत सर्रास घेतली जाणारी ही गोळी. प्रयोगशाळेत एकटी दिली तर पेशी बरेच सोसतात. पण शरीरात यकृतपेशी एकट्या नसतात. शेजारच्या रोगप्रतिकारक पेशी अधूनमधून टीएनएफ नावाचा दाहकारक संदेश सोडतात. निरोगी यकृतपेशी त्याला एनएफ-कॅपा-बी या संरक्षक यंत्रणेने उत्तर देते, आणि हे प्रथिन केंद्रकात ये-जा करताना सूक्ष्मदर्शकातून दिसते. डायक्लोफेनॅक दिलेल्या पेशींत ही ये-जा विस्कळीत झाली, आणि मग एरवी निरुपद्रवी असलेला टीएनएफ पेशींना मारू लागला. औषध आणि दाह, दोन्ही एकेकटे सोसणारी पेशी दोघांपुढे हरली. एखाद्याला वर्षानुवर्षे सोसणारी गोळी दुसऱ्याला का बाधते, याचा एक धागा इथे सापडतो.

ताण दिसला म्हणजे औषध वाईट, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. एनआरएफ-2 जागे होणे हे पेशी तग धरत असल्याचेही लक्षण असते. म्हणून तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. पहिली, ताण कोणत्या मात्रेला दिसतो. रुग्णाच्या रक्तात औषधाची जी कमाल पातळी येते, तिच्या जवळपास घंटा वाजली तर चिंता मोठी. शंभरपटीच्याही पलीकडे वाजली तर फारशी नाही. दुसरी, ताण ओसरतो की वाढत जातो. तिसरी, दुरुस्तीच्या यंत्रणांकडून चॉपसारख्या मारक यंत्रणेकडे पेशी कधी वळते.

शिवाय पेशीही पारखून घ्यावी लागते. प्रयोगशाळांतला लाडका हेप-जी-2 हा वाण कर्करोगाच्या गाठीतून आलेला. तो भरपूर ग्लुकोजवर वाढतो आणि तंतुकणिका बंद पडल्या तरी ग्लुकोज फोडूनच तग धरतो. त्यामुळे तंतुकणिकेला मारणारे औषध त्याच्यापुढे निर्दोष ठरायचे. संशोधकांनी उपाय साधाच केला. ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज दिले. आता पेशीला ऊर्जेसाठी तंतुकणिकांवरच विसंबावे लागते, आणि विष लगेच उघडे पडते. पण औषधाचे नॅपक्वीसारख्या रेणूत रूपांतर करणारी एन्झाइमे या वाणात तुटपुंजी आहेत. ती असतात माणसाच्या ताज्या यकृतपेशींत, आणि सपाट बशीत त्या काही दिवसांतच आपले गुण हरवून बसतात. म्हणून आता त्यांचे छोटे गोळे करून किंवा बारीक नळ्यांच्या चकतीवर, म्हणजे ‘लिव्हर चिप’वर, त्या जास्त काळ जपतात. अशा 870 चिपांवर 27 औषधे तपासून 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 87 टक्के घातक औषधे पकडली गेली आणि एकाही निर्दोष औषधावर ठपका आला नाही. अभ्यास चिप बनवणाऱ्या कंपनीचाच होता आणि 27 हा आकडा लहान आहे, हे लक्षात ठेवूनही निकाल दमदार आहे. 2023 मध्ये भारताने आपल्या नियमांत बदल करून नव्या औषधाच्या परवानगीसाठी अशा प्राणीविरहित पद्धतींचे पुरावे सादर करायला वाट करून दिली.

आपल्यासाठी हा प्रश्न दूरचा नाही. भारतात औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेचे सर्वांत मोठे कारण क्षयाची औषधे हे आहे. देशातल्या रुग्णालयांनी मिळून नोंदवलेल्या 1288 रुग्णांत त्यांचा वाटा जवळपास निम्मा होता. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही औषधे टाळताही येत नाहीत, कारण क्षय बरा करतात तीच. त्याच नोंदींत सुमारे 14 टक्के रुग्ण पर्यायी आणि वनौषधींमुळे बाधित झालेले होते. कोविडच्या पहिल्या वर्षात घरोघरी काढे उकळत असताना मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही. अशा वादात खरे तर गुळवेलीचा अर्कही त्याच चमकत्या पेशींवर ठेवून पाहायला हवा. वनस्पती आणि गोळी, दोघींना एकच कसोटी असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेशींच्या या कसोट्या सगळे पकडतील असे नाही. काही इजा रोगप्रतिकार यंत्रणेच्या अनपेक्षित उलट्या प्रतिक्रियेतून होतात, आणि त्यांत माणसाची जनुकीय ठेवण ठरवते कोणाला बाधेल ते. पण फियालुरिडीनसारख्या औषधाला पहिल्या माणसाच्या तोंडात जाण्याआधी अडवायला त्या पुरेशा आहेत, आणि म्हणूनच त्या ऐच्छिक न ठेवता बंधनकारक व्हायला हव्यात.

ते होईपर्यंत वाचकांनी आपल्यापुरते इतके करावे. नवे औषध चालू असताना भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी चहासारखी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पुढची गोळी घ्यायची की नाही, ते त्यांना विचारूनच ठरवा. क्षयाचे औषध तर आपल्या मनाने कधीच सोडू नका. डॉक्टरांना सगळ्या गोळ्या सांगा, काढे, चूर्णे आणि व्यायामशाळेतल्या पुड्यांसकट. आणि दुष्परिणाम झालाच, तर तो कळवा. भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही तशी नोंद करू शकतो.