आकाश आणि भूमी : ‘झेव्हियस’ या यंत्रखेळाची रचना

नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांचे खेळ रचणाऱ्या माणसाला एकाच वेळी दोन धन्यांची चाकरी करावी लागते. एक धनी म्हणजे यंत्राचा मालक. एका नाण्याचा खेळ लवकर आटोपावा आणि दुसरे नाणे पेटीत पडावे, ही त्याची इच्छा. दुसरा धनी खेळणारा. त्याला एकाच नाण्यावर शक्य तितका वेळ टिकून राहावयाचे असते. खेळ फार सोपा झाला तर पहिला धनी रुसतो, अन्यायाचा वाटला तर दुसरा पाठ फिरवतो. या दोहोंचा मेळ घालण्याचा एक विलक्षण यशस्वी प्रयत्न म्हणून ‘झेव्हियस’ या जपानी खेळाकडे पाहता येईल. नाम्को या कंपनीसाठी मासानोबु एन्दो यांनी तो रचला आणि १९८२ च्या अखेरीस तो जपानात अवतरला. पुढे अमेरिकेत तो अटारी या कंपनीने आणला.

या खेळाचे नावीन्य कशात होते, हे कळण्यासाठी त्याच्या पूर्वसुरींकडे पाहिले पाहिजे. १९७८ साली टायटो कंपनीच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ने जपानात मोठी धमाल उडवून दिली. त्यात काळ्या पोकळीतून शत्रूच्या रांगा खाली उतरत आणि तळाशी आडवी सरकणारी तोफ त्यांच्यावर मारा करी. तेथे आकाश होते, पण स्थळ नव्हते. झेव्हियसने त्या आकाशाखाली भूमी अंथरली. उभ्या पडद्यावर वने, पाणी आणि रस्ते वरून खाली अखंड सरकत राहतात. त्यामुळे ‘सोल्वालू’ हे खेळाडूचे विमान सतत पुढे चालले आहे असा भास होतो. पेरू देशातील नाझ्का येथे जमिनीवर कोरलेल्या प्राचीन पक्ष्याची आकृतीसुद्धा या भूमीवर दिसते.

भूमी आली आणि तिच्याबरोबर दुहेरी युद्धही आले. विमानाला दोन शस्त्रे आहेत. पहिल्याने सरळ समोर गोळ्या सुटतात, पण त्या फक्त उडणाऱ्या शत्रूला लागतात. दुसरे शस्त्र बाँबचे. ते केवळ जमिनीवरील तोफा, घुमट आणि रणगाडे यांसाठी. बाँबचा नेम दाखविणारी एक खूण विमानाच्या पुढे ठराविक अंतरावर सदैव दिसत असते. लक्ष्य त्या खुणेत आले की बटन दाबावयाचे. बाँब खाली पोचण्यास क्षणभर अवधी लागतो आणि एक पडल्याशिवाय दुसरा सुटत नाही. म्हणजे खेळाडूच्या दृष्टीला एकाच वेळी दोन ठिकाणी पहारा करावा लागतो : विमानाभोवतीच्या आकाशात, आणि त्याच्या पुढच्या भूमीवर. नुसती बोटांची चपळाई येथे अपुरी पडते, दूरदृष्टीही लागते.

आता न्यायाचा प्रश्न. प्रतिस्पर्धी नेहमी सारखाच राहिला तर निष्णात खेळाडू कधी हरणारच नाही. आणि तो आरंभापासूनच बलाढ्य असला तर नवखा पहिल्याच फेरीत निराश होईल. झेव्हियसचे यंत्र म्हणून खेळणाऱ्याची पारख करीत राहते. खेळ जसजसा रंगत जाईल तसतशी अधिक कुशल विमाने ते पुढे पाठवते. प्रारंभीचे ‘टोरॉइड’ समोर येताच बगल देऊन निघून जातात; नंतरचे शत्रू इतके भिडस्त नसतात. पण या वाढत्या संकटावर उताराही खेळातच ठेवलेला आहे. जमिनीवर ‘झोल्बाक’ नावाचे टेहळणीचे घुमट आहेत. ते उद्ध्वस्त केले की शत्रूची तीव्रता पुन्हा उतरते. हेर आंधळे केले की सेनापतीचा अंदाज चुकतो, हे युद्धशास्त्रातील जुने तत्त्व येथे गणिताच्या रूपाने उतरले आहे.

सारा प्रदेश सोळा विभागांत वाटलेला आहे. एखाद्या विभागाचा सुमारे ७० टक्के भाग ओलांडल्यावर विमान नष्ट झाले, तर पुढील विमान त्याच विभागाच्या आरंभी न येता पुढच्या विभागात उतरते. केलेला प्रवास असा वाया जात नाही. मात्र सोळावा विभाग संपला तरी विजयाची तुतारी वाजत नाही. यंत्र खेळाडूला सातव्या विभागात परत नेते. मालकाचे आणि खेळाडूचे हित येथे एकाच नियमावलीत नांदते : श्रमाचे फळ मिळते, पण खेळ जिंकून संपविता येत नाही.

या भूमीने आणखी एक गोष्ट साधली, ती म्हणजे कुतूहल. ओसाड दिसणाऱ्या जागी बाँब टाकला असता ‘सोल’ नावाचे गुप्त मनोरे वर येतात. अशा जागेवरून जाताना नेमाची खूण चमकते. म्हणजे रहस्य दडविले असले तरी लक्ष देणाऱ्याला त्याचा माग दिलेला आहे. एक ध्वजही दडलेला असतो. तो उचलणाऱ्याला एक विमान अधिक मिळते. अशी रहस्ये म्हटली की वदंता आल्याच. ‘बाकुरा’ नावाच्या फिरत्या फळ्या कोणत्याही गोळीने फुटत नाहीत; परंतु २५६ गोळ्या लागल्यास त्या फुटतात, अशी आवई जपानी मुलांत पसरली. कित्येकांनी ती पडताळूनही पाहिली. फळ्या अभंगच राहिल्या. १९८३ मध्ये तर एक कोटी गुणांची वाट दाखविणारी पुस्तिका काही उत्साही तरुणांनी स्वतःच काढली. करमणुकीच्या यंत्रावर टीकाग्रंथ निघावा, ही गोष्ट त्या काळी नवीच होती.

एन्दो यांनी पुढे १९८४ मध्ये ‘टॉवर ऑफ द्रुआगा’ हा खेळ रचला आणि त्यातही गुप्त युक्त्यांवरच भर दिला. यंत्राने मारलेली बाजी खेळाडू सहज विसरतो, पण झालेला अन्याय विसरत नाही. झेव्हियसपुढे हरलेला माणूस पुन्हा खिशात हात घाली, तो ‘चूक आपलीच होती, आणि ती आता सुधारता येईल’ या विश्वासाने. दोन्ही धन्यांना राजी ठेवणारे मर्म हेच.