मुळशीचा प्रश्न आणि विकासाचे अध्यात्म

‘शाश्वत विकास’ हा शब्दप्रयोग आता सरकारी अहवालांतून, पाठ्यपुस्तकांतून आणि उद्योगसंस्थांच्या वार्षिक वृत्तांतांतून सारख्याच सहजतेने वावरू लागला आहे. १९८७ मध्ये नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आयोगाने त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. आजच्या पिढीने आपल्या गरजा भागविताना पुढच्या पिढ्यांच्या वाटा बंद करू नयेत, असा त्याचा आशय. तो निर्दोष आहे. परंतु दोन प्रश्न त्यात अनुत्तरित राहतात. गरज कोणती आणि हाव कोणती, हे ठरवायचे कोणी? आणि आजच्याच पिढीत एकाची सोय व्हावी म्हणून दुसऱ्याने किती सोसावे? हे प्रश्न निव्वळ हिशेबाचे नव्हेत. ते माणसाने माणसाकडे कसे पाहावे याचे, म्हणजेच खऱ्या अर्थाने अध्यात्माचे आहेत. पुणे जिल्ह्यातील मुळशीच्या खोऱ्याने ते शंभर वर्षांपूर्वीच विचारले होते.

जान किंवा जमीन

नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून, अडविलेले पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात भिरा येथे सोडावयाचे आणि त्यापासून निर्माण होणारी वीज मुंबईस पुरवावयाची, अशी टाटा वीज कंपनीची योजना होती. मुंबईच्या गिरण्यांना दुरून येणाऱ्या कोळशाऐवजी स्वस्त शक्ती हवी होती. अभियांत्रिकीच्या दृष्टीने योजना अत्यंत कुशल होती, आणि देशी भांडवलाच्या कर्तबगारीचा अभिमान वाटावा असाच तो काळ होता. प्रश्न एवढाच होता की, खोऱ्यातील पन्नासाच्या आसपास गावे आणि आंबेमोहोर पिकविणारी त्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती, आणि ज्यांची ती होती त्या मावळ्यांस कोणी विचारलेले नव्हते. १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याने ‘सार्वजनिक हित’ या दोन शब्दांत विचारण्याची गरजच संपवून टाकली होती.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव आणि पांडुरंग महादेव बापट यांच्यासारखे कार्यकर्ते या लढ्यात उतरले. मुळशीनेच बापटांना ‘सेनापती’ केले. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. धरण पूर्ण झाले, १९२७ मध्ये भिरा येथे वीज निर्माण होऊ लागली. धरणाविरुद्धच्या जगातील अगदी आरंभीच्या संघटित लढ्यांत अभ्यासक आज त्याची गणना करतात.

मोबदला कोणाचा?

या लढ्यातील सर्वांत बोधप्रद भाग पराभवाचा नसून फुटीचा आहे. खोऱ्यातील बरीच जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. कसणारा मावळा अनेक ठिकाणी कूळ होता. ज्याच्या दृष्टीने जमीन म्हणजे बुडीत चाललेल्या कर्जाचे तारण, त्याला कंपनीचा रोख मोबदला ही इष्टापत्ती होती. ज्याच्या दृष्टीने जमीन म्हणजे पिढ्यान् पिढ्यांचे अन्न, त्याला कोणतीही रक्कम अपुरीच होती. साहजिकच मोबदला वाढवून घ्यावा असे म्हणणारे आणि जमीन देणारच नाही असे म्हणणारे, असे दोन पक्ष पडले.

अर्थशास्त्र या ठिकाणी थांबते. वस्तूची किंमत ती सांगू शकते. वस्तूशी असलेले नाते तिच्या तराजूत बसत नाही. ज्या इंद्रायणीच्या काठी तुकोबांनी सावकारीची कागदपत्रे पाण्यात बुडविली असे वारकरी परंपरा सांगते, ती नदी याच जिल्ह्यातून वाहते. त्या घटनेकडे आपण वैराग्याची कथा म्हणून पाहतो आणि हात जोडून मोकळे होतो. वस्तुतः तो एक आर्थिक निर्णय होता. दुसऱ्याच्या नाडलेपणावर आपला चरितार्थ उभा राहू नये, असा त्याचा सरळ अर्थ आहे. पालखीत चालणाऱ्या समाजाने तोच अर्थ मुळशीत अंगीकारला असता, तर लढ्याचे बळ कितीतरी वाढले असते.

परोपकार म्हणजे दया नव्हे

सेनापती बापटांचे चरित्र या संदर्भात मुद्दाम आठवावे असे आहे. क्रांतिकार्यासाठी पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून आलेला हा मनुष्य पारनेरला परतल्यावर पहाटे उठून हाती झाडू घेत असे आणि गावाचे रस्ते साफ करीत असे. योगी अरविंदांचे तत्त्वज्ञान मराठीत आणणारा आणि मावळ्यांबरोबर तुरुंगात जाणारा बापट एकच होता. मात्र त्याचा मार्ग सर्वस्वी गांधीजींचा नव्हता. १९२४ मध्ये त्यांनी कंपनीच्या मजुरांची गाडी शस्त्रानिशी अडविली, त्याबद्दल ७ वर्षांची शिक्षा झाली, आणि ते १९३१ मध्ये सुटले. त्या कृतीचे समर्थन करण्याचे कारण नाही. गाडीतील मजूरही पोटासाठीच आलेले होते. परंतु दुसऱ्याच्या दुःखाशी एकरूप होणे म्हणजे वर्गणी देणे नव्हे, हे बापटांच्या जीवनाने निःसंशय दाखविले.

धर्मादाय आणि न्याय यांतील हा फरक आज पुसट होत चालला आहे. ज्यांच्या विस्थापनावर संपत्ती उभी राहिली, त्यांच्याच मुलांना वह्या वाटून पुण्य पदरात पाडून घेणे सोपे असते. त्यांची संमती घेणे आणि लाभात त्यांना वाटेकरी करणे अवघड असते. जे. सी. कुमारप्पा यांनी १९४० च्या दशकात तुरुंगात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात अर्थव्यवस्थेच्या पायऱ्या मांडल्या. परोपजीवी आणि लुटारू व्यवस्थांपासून त्या आरंभ होतात आणि मातेप्रमाणे परतफेडीची अपेक्षा न ठेवणाऱ्या सेवेच्या व्यवस्थेपर्यंत चढतात. ‘शाश्वत’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी एका भारतीय अर्थशास्त्रज्ञाने टिकाऊपणाचा निकष माणसाच्या वृत्तीत शोधला होता.

संतोषाचा उपदेश कोणास?

येथे एक धोका ओळखला पाहिजे. अध्यात्माच्या नावाने गरिबालाच संतोषाचा उपदेश करण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. विस्थापिताने त्याग करावा आणि तो राष्ट्रकार्य समजावे, हा युक्तिवाद धरणाएवढाच जुना आहे. त्याग स्वेच्छेने केला तरच तो त्याग. दुसऱ्याने करवून घेतला तर ती जबरदस्ती. पुरे झाले असे म्हणण्याची पाळी आधी ज्याच्यापाशी अधिक आहे त्याची असते.

कायद्यानेही हे सत्य हळूहळू, अनिच्छेने मान्य केले. महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा केंद्रीय कायदा आला. त्याने खाजगी प्रकल्पासाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आणि सामाजिक परिणामांची पाहणी आवश्यक ठरविली, कुळांना व भूमिहीन मजुरांनाही बाधित मानले. मुळशीच्या कुळाला मान्यता मिळण्यास ९० वर्षे लागली. पुढे अनेक राज्यांनी काही प्रकल्पांना या अटींतून सूटही दिली.

मुळशी तालुक्यात आज हिंजवडीचे संगणक उद्योग आहेत, डोंगरउतारांवर बंगल्यांच्या वसाहती आहेत. वरसगावच्या जलाशयाकाठी उभारलेल्या लवासा या गिरिनगराचे काम २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण खात्याने थांबविले, आणि २०१८ मध्ये तिची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मुळशीचे पाणी पूर्वेकडील भीमा खोऱ्यास परत द्यावे, ही मागणीही पुनःपुन्हा उठते. धरणे नकोत, कारखाने नकोत असा याचा अर्थ नाही. पाण्यापासून होणाऱ्या विजेने कोळशाचा धूर वाचविला, हेही खरेच. मात्र प्रत्येक योजनेस तीन प्रश्न विचारले पाहिजेत: हे कोणासाठी, कोणाच्या संमतीने आणि किती झाले म्हणजे पुरे?

ज्ञानेश्वरांनी पसायदानात मागणे मागितले ते साऱ्या प्राणिमात्रांसाठी, स्वतःपुरते नव्हे. ते मागणे महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते. ते ज्या दिवशी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात उतरेल, त्या दिवशी विकासापुढे ‘शाश्वत’ हे विशेषण लावण्याची गरज उरणार नाही.